चरबी घटवणे आणि स्नायू कमावणे एकाच वेळी शक्य आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : धुळ्यात राहणारा, २९ वर्षांचा, ५ फूट ७ इंच उंचीचा आणि ७८ किलो वजनाचा माणूस दिवसभर दुकानाच्या गल्ल्यावर बसतो, कमरेचा घेर ३८ इंच आहे, दंड मात्र बारीक आहेत. जिममधला एक जण त्याला ‘आधी बल्क कर’ (म्हणजे जास्त खाऊन वजन आणि स्नायू वाढव) असे सांगतो आणि दुसरा ‘आधी कट कर’ (म्हणजे कमी खाऊन चरबी घटव) असे सांगतो. दोन्ही एकदम होत नाही का, असे तुम्ही विचारले आहे. होते. व्यायाम सुरू करून तुम्हाला दोनच महिने झाले असल्यामुळे ते तुमच्यासारख्याला सर्वांत सहज होते, आणि म्हणूनच पोट सुटलेले असताना तुम्हाला ‘बल्क’ करायला सांगणाऱ्या माणसाचे तुम्ही मुळीच ऐकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मी डॉक्टर नाही. चोपडा तालुक्यातल्या एका शाळेत गणित शिकवतो आणि वयाच्या ३८ व्या वर्षापासून लोखंड उचलतो. पुढे जे लिहितो आहे ते काही वाचनावरून आणि काही स्वतःच्या शरीरावर केलेल्या चुकांवरून लिहितो आहे.

याला जो नेहमीचा आक्षेप घेतला जातो तो वरवर बिनतोड वाटतो. चरबी घटायची तर गरजेपेक्षा कमी खावे लागते, स्नायू वाढायचे तर गरजेपेक्षा जास्त खावे लागते, मग एकाच दिवशी कमी आणि जास्त कसे खाणार? यातली गफलत अशी की ऊर्जा आणि कच्चा माल या दोन वेगळ्या गोष्टी एकाच खात्यात मांडल्या जातात. समजा, पाऊस कमी झालेल्या वर्षी एखाद्या शेतकऱ्याला घराची भिंत बांधायची आहे. घरात कणगी भरलेली असेल, तर मजुरांची मजुरी तो त्या साठ्यातून देऊ शकतो. विटा मात्र बाहेरूनच आणाव्या लागतात, आणि गवंड्याला बोलावल्याशिवाय तो आपण होऊन येत नाही. पोटावरची चरबी ही ती कणगी आहे. १ किलो चरबीत सुमारे ७,७०० किलोकॅलरी साठलेल्या असतात, म्हणजे मजुरीची ददात नाही. विटा म्हणजे प्रथिने, आणि गवंड्याला बोलावणे म्हणजे भार उचलण्याचा व्यायाम. चरबीचे रूपांतर स्नायूत होते असे मात्र कोणी सांगितले तर ते खोटे आहे. कणगीतल्या ज्वारीची वीट होत नाही.

हे केवळ कल्पनेत नाही. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात ४० जाड तरुणांवर केलेला आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. त्या सर्वांना ४ आठवडे गरजेपेक्षा ४० टक्के कमी उष्मांकांचा आहार दिला आणि आठवड्यातले ६ दिवस कसून व्यायाम करून घेतला. निम्म्यांना शरीराच्या दर किलो वजनामागे रोज १.२ ग्रॅम प्रथिने दिली, निम्म्यांना २.४ ग्रॅम. पहिल्या गटाची ३.५ किलो चरबी गेली आणि चरबीविरहित वजन जवळपास आहे तेवढेच राहिले. दुसऱ्या गटाची ४.८ किलो चरबी गेली आणि चरबीविरहित वजन १.२ किलोने वाढले. इतकी मोठी तूट आणि इतका व्यायाम दुकान सांभाळणाऱ्या माणसाला झेपणार नाही, झेपवू पाहूही नये, पण ‘अशक्य’ या शब्दाला त्या प्रयोगाने जागा ठेवलेली नाही.

आपल्या लोकांच्या बाबतीत तर या वाटेची गरज अधिकच आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचेच छायाचित्र दिले होते. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा, २२.३ होता, परंतु शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के होती. वरून सडपातळ आणि आतून चरबीचा, असा हा आपला बांधा आहे. अशा माणसाने नुसते वजन वाढवले तर कणगीच फुगते आणि नुसते वजन घटवले तर भिंतही ढासळते.

भिंत ढासळणे म्हणजे काय, हे मी अनुभवलेले आहे. ३६ व्या वर्षी मी चार महिने सकाळी भाज्यांचे पाणीदार सूप, दुपारी एक भाकरी आणि काकडी, आणि रात्री जवळपास उपाशी, असे करून ८४ किलोवरून ७४ वर आलो. शाळेत कौतुक झाले. घरी आईने मात्र पाहताच ‘कितला वाळी गया रे तू!’ म्हणून कपाळाला हात लावला, आणि तिचेच बरोबर होते, कारण शाळेचा दुसरा मजला चढताना मांड्या थरथरत होत्या आणि पोट कमी झाले तरी लोंबतच होते. वर्षभरात ते सगळे वजन परत आले, आणि परत आले ते बहुतेक पोटावरच.

आता विटांचा हिशेब. तुम्ही दिवसभराचे खाणे लिहिले आहे : चहा-पोहे, दुपारी दोन भाकरी, भाजी आणि वाटीभर वरण, संध्याकाळी दुकानावर कचोरी किंवा शेव, रात्री खिचडी. यात पोह्यांचे ४ ग्रॅम, दोन भाकरींचे १२, वरणाचे ६-७, खिचडीचे १० आणि बाकी किरकोळ धरले, तरी दिवसाची प्रथिने ५० ग्रॅमच्या आतबाहेर राहतात. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, सर्वसाधारण माणसाला सांगितलेले किलोमागे ०.८३ ग्रॅमचे प्रमाण धरले, तरी ७८ किलोला ६५ ग्रॅम लागतात. म्हणजे तुमची वीट व्यायाम सुरू करण्याआधीच कमी पडते आहे. स्नायू वाढवू पाहणाऱ्यासाठी किलोमागे सुमारे १.६ ग्रॅम हा आकडा ४९ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून २०१८ साली पुढे आला. चरबीला प्रथिने घालण्यात अर्थ नसल्यामुळे मी तुमचे वजन ७० किलो धरतो आणि ११२ ग्रॅम सांगतो.

उरलेल्या ६० ग्रॅमसाठी डब्यातली पावडर घेतलीच पाहिजे असे नाही. ५० ग्रॅम कोरड्या सोया वड्यांतून २६, तीन अंड्यांतून १८, मूठ-दीड मूठ म्हणजे ५० ग्रॅम फुटाण्यांतून १० आणि पेलाभर दुधातून ८ ग्रॅम मिळतात, की झाला हिशेब पुरा. घरात अंडे चालत नसेल किंवा श्रावण पाळायचा असेल, तर त्या जागी १०० ग्रॅम पनीर येते. सोया वड्या उकळून, घट्ट पिळून आपल्या काळ्या मसाल्यात केल्या तर घरातले इतर लोकही मुकाट्याने खातात, हे अनुभवाने सांगतो. आपली कळण्याची भाकरी या बाबतीत शहाणी आहे : ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते आणि उडदात ते भरपूर असते, त्यामुळे दोन्ही एकत्र दळले की एकाची उणीव दुसरे भरून काढते. शेंगदाण्यांना मात्र प्रथिनांचे खाणे समजू नका. १०० ग्रॅममध्ये २५ ग्रॅम प्रथिने असतात हे खरे, पण त्यासोबत साडेपाचशेहून अधिक किलोकॅलरी पोटात जातात.

इथे एक ठेच लागते, जी मलाही लागली. वर सांगितलेली भर सुमारे ७०० किलोकॅलरींची आहे आणि ती आहे त्या खाण्यावर रचली तर तो सरळ ‘बल्क’च होतो. म्हणून ती कशाच्या तरी जागी यायला हवी, आणि खान्देशात ती जागा शोधायला लांब जावे लागत नाही. शेवभाजीवर बोटभर तवंग नसेल तर ती बेचव समजणारी आपली माणसे आहेत. त्या तेलाचा एक मोठा चमचा १२० किलोकॅलरींचा असतो, आणि शेव स्वतः तळलेली असते ती वेगळीच. भरताची वांगी निखाऱ्यावर भाजलेली असतात तोवर बिचारी निरुपद्रवी असतात, फोडणी पडली की त्यांचे रूप पालटते. वरण-बट्टीतले वरण चांगले, तुपात तळलेली बट्टी महिन्यातून एकदा. कचोरी आणि शेव सोडून, भाजीतले तेल निम्मे करून आणि खिचडीतला तांदूळ थोडा कमी करून रोजची ३०० ते ५०० किलोकॅलरींची तूट उपाशी न राहता पडते. याहून मोठी तूट पाडू नका.

व्यायामाचे फार लांबवत नाही. आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येक दिवशी पाय, पाठ, छाती आणि खांदे या सर्वांना काम. स्क्वॉट (खांद्यावर भार घेऊन बैठका), डेडलिफ्ट (जमिनीवरून भार उचलणे), बेंच प्रेस (बाकावर पडून भार छातीवरून वर ढकलणे), रोइंग (भार पोटाकडे ओढणे). प्रत्येक सेट, म्हणजे न थांबता केलेल्या आवर्तनांचा एक फेरा, अशा वजनाने करावा की शेवटी आणखी एक-दोन वेळाच उचलता आले असते. वहीत आकडे लिहावेत आणि मागच्या आठवड्यापेक्षा एक किलो किंवा एक आवर्तन पुढे जावे. तालमीतल्या जोर-बैठकांनीही स्नायू वाढतात, अडचण एवढीच की भार आपल्या वजनाएवढाच राहतो आणि शंभराच्या दीडशे बैठका झाल्या की दमसास वाढतो, मांडी फारशी नाही. दुकानदाराने रात्री अकरानंतर हिशेब करत बसू नये. शिकागो विद्यापीठाच्या २०१० सालच्या एका छोट्या अभ्यासात सारखाच कमी आहार असताना साडेआठऐवजी साडेपाच तास झोपायला मिळालेल्यांची चरबी निम्म्याहून कमी गेली आणि स्नायूंसारखे चरबीविरहित वजन अधिक गेले.

वजनकाटा तुम्हाला निराश करील, तेव्हा त्याच्यावर विसंबू नका. रोज ४०० किलोकॅलरींची तूट ठेवली तर १ किलो चरबी जायला सुमारे १९ दिवस लागतात, आणि तेवढ्यात स्नायू व त्यांच्यात साठणारे पाणी वाढले की काटा जागचा हलत नाही. माझ्या दुसऱ्या प्रयत्नात दहा महिन्यांत वजन ८२ वरून ७८ झाले, चारच किलो. पण सदरा शिवायला गेलो तेव्हा शिंप्याने वहीचे जुने पान काढले, माप घेतले, आणि टेप पुन्हा एकदा लावून पाहिली : छाती ३८ ची ४० झाली होती आणि कंबर ३९ ची ३५. तुम्हीही दर पंधरा दिवसांनी, सकाळी उपाशीपोटी, बेंबीच्या रेषेत टेप लावा. जिममधले पायाखालचे यंत्र चरबीचा जो टक्का दाखवते, तो तुम्ही किती पाणी प्यायलात यावरही बदलतो, आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४ वर असताना तर त्याचे काहीच धरू नये.

वर्षानुवर्षे व्यायाम करणाऱ्या आणि पोटाच्या शिरा दिसणाऱ्या माणसाला मात्र हे फारसे साधत नाही. त्याची कणगी रिकामी असते आणि त्याला दोन्ही टप्पे वेगवेगळेच करावे लागतात. तुमच्या जिममधले ते दोघे बहुधा त्या पायरीवरचे सल्ले तुम्हाला देत असावेत. मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा मधुमेहाची औषधे चालू असतील, तर प्रथिने आणि व्यायाम वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

राहता राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, केळी बंद करावी का. मध्यम केळ्यात १०५ च्या आसपास किलोकॅलरी आणि जेमतेम एक-सव्वा ग्रॅम प्रथिने असतात, त्यामुळे दुधात कुस्करलेली सहा केळी म्हणजे पैलवानी खुराक, हा समज सोडावा. पण व्यायामाच्या अर्धा तास आधी एक केळे खायला काहीच हरकत नाही. आमच्या बांधावरचीच असल्यामुळे मी कधी कधी दोन खातो, आणि त्या दिवशी रात्रीची अर्धी भाकरी ठेवून देतो.