अमेरिकेत राष्ट्रगीताच्या वेळी गुडघा टेकणाऱ्या खेळाडूंवर देशद्रोहाचा खटला का भरत नाहीत?

खटला भरत नाहीत, कारण तो गुन्हाच नाही. राष्ट्रगीत चालू असताना तोंड झेंड्याकडे करून, उजवा हात छातीवर ठेवून उभं राहावं, असं अमेरिकेच्या संघीय कायद्यात लिहिलेलं आहे. पण कुणी तसं केलं नाही तर शिक्षा काय, याबद्दल त्यात एक अक्षर नाही. देशद्रोहाची व्याख्या तर राज्यघटनेनेच बांधून दिली आहे: देशाविरुद्ध युद्ध पुकारणं किंवा शत्रूला सामील होऊन त्याला मदत करणं. गुडघा टेकणं यात बसत नाही.

मी एवढ्यावर थांबले असते. पण प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, "ज्या देशाचं खातात त्याच देशाचा अपमान करतात." हे वाक्य मी माझ्या घरात, दिवाळीच्या पंगतीत ऐकलंय, माझ्या मुलीला उद्देशून. म्हणून हे लांबणार आहे.

आधी अमेरिकन फुटबॉलमधल्या कॉलिन कॅपरनिकबद्दल, कारण सगळे त्याच्या नावाने बोटं मोडतात आणि नेमकं काय घडलं ते फार थोड्यांना माहीत असतं. २०१६ च्या ऑगस्टमध्ये तो राष्ट्रगीताला बाकावर बसून राहिला. पोलिसांच्या हातून कृष्णवर्णीय माणसं मरतात आणि कुणाला शिक्षा होत नाही, हे त्याचं म्हणणं. अ‍ॅल्टन स्टर्लिंग आणि फिलँडो कॅस्टील यांचे मृत्यू जेमतेम दीड महिन्यापूर्वीचे होते. बसून राहणं नेट बॉयर नावाच्या माजी सैनिकाला खटकलं. हा बॉयर अमेरिकी लष्कराच्या ग्रीन बेरेट तुकडीतला आणि नंतर थोडे दिवस व्यावसायिक फुटबॉलमध्येही होता. त्याने खुलं पत्र लिहिलं, मग दोघं भेटले. सैनिक आपल्या मेलेल्या सोबत्याच्या थडग्यापुढे गुडघा टेकतात, तू बसण्यापेक्षा तसं कर, हे बॉयरने सुचवलं. १ सप्टेंबरला सॅन डिएगोत कॅपरनिक आणि त्याचा सहकारी एरिक रीड गुडघ्यावर होते आणि बॉयर त्यांच्या शेजारी छातीवर हात ठेवून उभा होता. म्हणजे ज्याला सगळे सैन्याचा अपमान म्हणतात, तो गुडघा एका सैनिकाच्या सल्ल्याने टेकलेला होता.

आणि गुडघा टेकणाऱ्यांना काहीच भोगावं लागत नाही असं वाटत असेल, तर ते साफ चूक. २०१६ च्या मोसमानंतर त्याला एकाही संघाने घेतलं नाही. क्वार्टरबॅक, म्हणजे संघाचा डाव चालवणारा, म्हणून संघाला सुपर बोलपर्यंत, म्हणजे मोसमाच्या अंतिम सामन्यापर्यंत, नेलेला खेळाडू तो. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस यांनी पदक घेताना काळ्या हातमोज्यातली मूठ वर केली, त्यांना स्पर्धेतून घरी पाठवलं होतं. किंमत प्रत्येकाने मोजलीय.

आता आमच्या घरचं. आम्ही ओहायोत राहतो. मुलगी तेव्हा अकरावीत, शाळेच्या व्हॉलीबॉल संघात सेटर. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये ट्रम्प यांनी अलाबामातल्या सभेत गुडघा टेकणाऱ्यांना शिवी देऊन हाकलून लावा म्हटलं आणि पुढच्याच रविवारी दोनशेच्या वर खेळाडू खाली बसले किंवा गुडघ्यावर गेले. आमच्या संघात एक कृष्णवर्णीय मुलगी होती, लेकीची जिवाभावाची मैत्रीण. तिच्या मोठ्या भावाला कामावरून घरी येताना पोलिसांनी अडवलं आणि गाडीची झडती होईपर्यंत रस्त्याच्या कडेला हात डोक्यावर घेऊन बसवलं. सापडलं काही नाही, दंडाची पावतीसुद्धा नाही. तो मुलगा आमच्या घरी जेवून गेलेला.

रात्री ओट्याशी उभी राहून लेक म्हणाली, "आई, उद्या आम्ही दोघी गुडघा टेकणार आहोत. चिडायचं तर आत्ता चीड." मी चिडले नाही. एवढंच सांगितलं, की हसायचं नाही, आपसात बोलायचं नाही, आणि कुणी का म्हणून विचारलं तर टीव्हीवरचं न सांगता मैत्रिणीच्या भावाचं सांगायचं.

दुसऱ्या दिवशी मी प्रेक्षकांत छातीवर हात ठेवून उभी होते आणि पूर्ण राष्ट्रगीत म्हटलं. खाली कोर्टवर दोन्ही मुली माना खाली घालून गुडघ्यावर होत्या. गाणं अर्ध्यावर असताना मागून एक गृहस्थ ओरडले, "तुमच्या देशात परत जा!" माझी मुलगी ओहायोत जन्मली आहे, मैत्रिणीच्या तर कित्येक पिढ्या इथल्या. पण मला तुम्हाला विचारायचंय ते वेगळंच. त्या दोन मिनिटांत राष्ट्रगीत मोडलं कुणी? दोन्ही मुली गप्प होत्या. आरडाओरडा देशभक्ताने केला.

प्रशिक्षकांनी त्या सामन्यात दोघींना बाकावर बसवलं. फोटो नात्यातल्या ग्रुपवर फिरला आणि न्यू जर्सीहून माझ्या मोठ्या दिरांचा फोन आला. मग दिवाळीला सगळे जमल्यावर, भरल्या पंगतीत, त्यांनी लेकीला सुनावलं: आपण इथे पाहुणे आहोत, ज्यांचं मीठ खातो त्यांच्यापुढे मान वर करायची नसते, शाळेत जाऊन माफी माग. सोळा वर्षांची पोर ताटावरून उठून गेली.

भावोजी, पाहुणे कोण? तुम्हीही नागरिकत्वाची शपथ घेतलीत, मीही घेतली. ती शपथ राज्यघटनेच्या आणि कायद्याच्या रक्षणाची आहे. गप्प बसण्याची नाही. इथे आपण कष्ट केले, कर भरले, कुणी वाढलेलं खात नाही. आणि जी माणसं घरातल्यासारखी वागतात तीच घरातलं गळकं छप्पर दाखवतात, पाहुणा तोंडदेखलं छान छान म्हणून निघून जातो.

त्यांचा दुसरा मुद्दा परंपरेचा. खेळाच्या मैदानावर राष्ट्रगीताचा मान पिढ्यान् पिढ्यांचा, म्हणे. राष्ट्रगीत म्हणून त्याला कायद्याने मान्यता मिळाली १९३१ साली. रात्रीच्या मोठ्या फुटबॉल सामन्यांत राष्ट्रगीताच्या वेळी खेळाडूंनी मैदानावर हजर असायचं ही पद्धत २००९ पासूनची, त्याआधी ते बहुधा आत खोलीतच असत. २०१५ मध्ये मॅकेन आणि फ्लेक या दोन रिपब्लिकन सिनेटरांनी अहवाल काढला, तेव्हा कळलं की सैनिकांच्या गौरवाचे बरेच मैदानी कार्यक्रम संरक्षण खात्याच्या पैशातून चालले होते, ६८ लाख डॉलर. मॅकेन व्हिएतनाममध्ये पाच वर्षांहून जास्त युद्धकैदी होते. त्यांना या विकतच्या देशभक्तीची चीड आली. मलाही येते.

तिसरा मुद्दा, "भारतात करून दाखव." केरळात १९८५ साली तीन भावंडांना शाळेतून काढलं होतं, धार्मिक श्रद्धेमुळे ती 'जन गण मन' म्हणत नव्हती म्हणून. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं. ती मुलं शांत उभी राहत होती, बसत नव्हती, हा फरक मी लपवत नाही. पण जबरदस्ती न्यायालयाला भारतातही पटली नाही. अमेरिकेत तर १९४३ मध्ये, ऐन महायुद्धात, बार्नेट खटल्यात निकाल लागला की सरकारी शाळा मुलांना झेंड्याला वंदन करायला भाग पाडू शकत नाही.

कॅपरनिकचं सगळंच मला पटतं असं नाही. पोलिसांना डुकरांच्या रूपात दाखवणारे मोजे घालणं हीन होतं. आणि २०१६ च्या निवडणुकीत त्याने मतदान केलं नाही, ते तर मला अजिबात मान्य नाही. हेही खरं, की बार्नेट निकाल सरकारी शाळेपुरता आहे. खाजगी शाळा किंवा खाजगी संघाचा मालक स्वतःचे नियम लावू शकतो, कारण अभिव्यक्तीचा हक्क सरकारला अडवतो, मालकाला नाही. म्हणून कॅपरनिकची लढाई त्या हक्काची झाली नाही. संघमालकांनी संगनमताने बाहेर ठेवलं ही त्याची तक्रार होती आणि ती २०१९ मध्ये तडजोडीने मिटली. तुम्ही स्वतः व्हिसावर असाल तर नोकरीचा विचार आधी करा, असंच मी सांगेन.

पण तुमची मुलगी सरकारी शाळेत असेल आणि तिला असं काही करायचं असेल, तर अडवू नका. कारण विचारा, तिला ते नीट सांगता येतं का बघा. बाकावर बसवलं तर शाळेला लेखी कारण मागा आणि पत्रात बार्नेटचं नाव घाला. २०१७ च्या डिसेंबरमध्ये कॅलिफोर्नियातल्या एका फेडरल न्यायालयानेही गुडघा टेकणाऱ्या शाळकरी फुटबॉलपटूच्या बाजूने मनाई हुकूम दिला, तोही जोडा. आम्ही पत्र दिलं आणि दोघी पुढच्या सामन्यात खेळल्या. माफी कुणी मागितली नाही. भावोजींशी माझं बोलणं आहे, सणावाराला येणंजाणं आहे. पण भरल्या ताटावरून उठवलं त्याबद्दल त्यांनी तिची माफी मागावी, ही अपेक्षा मी सोडलेली नाही.