लॉबिंग म्हणजे दलालीच का?

प्रश्न: माझ्या मुलीला लॉबिंग करणाऱ्या एका फर्ममध्ये जॉब मिळतोय. घरातले म्हणतात ही सूटबूट घालून केलेली दलालीच. यात सरळ राहून काम करता येतं का हो?

उत्तर: ताई, येतं. पण त्यासाठी डोळे उघडे ठेवावे लागतात.

लॉबिंग म्हणजे क्लायंटच्या वतीने कायदे करणाऱ्यांना भेटून त्याची बाजू पटवून देणं. या कामातला बराचसा वेळ वाचण्यात जातो. विधेयकाचा मसुदा वाचायचा, कुठलं कलम आपल्या क्लायंटला नडतंय ते शोधायचं, मग दोन पानांची नोट करून समितीवरच्या सदस्याला नाहीतर त्याच्या स्टाफला भेटायचं. लोकप्रतिनिधीपुढे एकाच वेळी इतके विषय असतात की तयार माहिती आणून देणारा माणूस त्याला हवाच असतो, आणि लॉबिस्टची खरी ताकद तिथेच आहे. म्हणून माझ्या मते पहिली मर्यादा पैशाची नाही, खरेपणाची. सोयीचा आकडा दाखवून गैरसोयीचा लपवला तर ती फसवणूकच झाली.

पैशाचंही सांगते. अमेरिकेत जॅक अब्रामॉफ नावाचा लॉबिस्ट खासदारांना महागडी जेवणं, मॅचची तिकिटं, स्कॉटलंडच्या गोल्फ ट्रिपा असं सगळं पुरवायचा, 2006 मध्ये त्याने कोर्टात गुन्हा कबूल केला आणि पुढच्याच वर्षी तिथला कायदा कडक झाला. नोंदणीकृत लॉबिस्टकडून भेटवस्तू घ्यायला बंदी आली, खर्चाचा रिपोर्ट सहा महिन्यांऐवजी तीन महिन्यांनी द्यावा लागू लागला. पद सोडलेल्या सिनेटरला 2 वर्षं लॉबिंग करता येत नाही. कॅनडात तर मंत्री आणि बड्या अधिकाऱ्यांना 5 वर्षं थांबावं लागतं, आणि मला तेच पटतं, कारण उद्या नोकरी देणाऱ्या कंपनीबद्दल माणूस आज खुर्चीवर बसून कठोर निर्णय घेईल असं मला तरी वाटत नाही.

पळवाटा आहेतच. अमेरिकेत एखाद्या क्लायंटच्या कामातला 20 टक्क्यांपेक्षा कमी वेळ लॉबिंगवर गेला तर नोंदणी करावी लागत नाही, मग तोच माणूस सल्लागार म्हणून मिरवतो आणि फोन मात्र त्याच लोकांना करत राहतो. कायद्यात बसतं, पण लोकांना अंधारात ठेवणं मला मान्य नाही.

मुलीला इंटरव्ह्यूमध्येच विचारायला सांगा की क्लायंटची नावं उघड असतात का, कायदा पास झाला तरच फी असं काही आहे का (अमेरिकेतल्या कितीतरी राज्यांत अशा फीवर बंदी आहे) आणि न पटलेल्या क्लायंटला तिला नाही म्हणता येईल का. उत्तर देताना समोरचा चाचरला तर तो जॉब सोडलेला बरा.