बॅकग्लासचा उडालेला रंग जुळवताना पांढरा मिसळू नका

तुमच्या वडिलांच्या पिनबॉल मशीनच्या बॅकग्लासवर (म्हणजे मशीनच्या उभ्या भागातली, मागून दिव्यांनी उजळणारी चित्राची काच) बाईचा गाल आणि नारिंगी झगा पापुद्रे सुटून गेलाय, आणि इंदूरच्या दुकानात कोणत्या नंबरची शाई मागायची असं तुम्ही विचारलंय. वाचून पोटात कालवलं. बडोद्यात माझ्या मशीनचं अगदी हेच झालं होतं. गॉटलिब या अमेरिकन पिनबॉल कंपनीचं, सत्तरच्या दशकातलं. एका क्लबनं भंगारात काढलेलं मी घरी आणलं. त्या काळातली गॉटलिबची बरीचशी चित्रं गॉर्डन मॉरिसन यांची आहेत, त्यामुळे त्या काचेवर माझा फार जीव.

नंबरच्या मागे लागू नका. पन्नास वर्षांत मूळ शाई फिकी पडलीय, पिवळी पडलीय. डब्यातला ताजा रंग तिच्याशी जुळणारच नाही, तो हातानंच जुळवावा लागतो.

आता माझी चूक सांगतो, कारण तुम्ही त्याच वाटेवर आहात. मी काच रिक्षातून स्क्रीन प्रिंटिंगच्या एका दुकानात नेली. लग्नपत्रिका, स्टिकर छापणारी माणसं, हात सफाईदार. त्यांनी लाल, पिवळा आणि बराचसा पांढरा मिसळून गालाचा रंग काढला. ट्यूबलाइटखाली इतका हुबेहूब जुळला की जोड कुठे आहे ते मलाही सापडेना. रात्री दांडिया बाजारातल्या घरी काच बसवली, मशीनचे दिवे लावले आणि बाईच्या गालावर रुपयाएवढा काळा डाग! बाकी चेहरा उजळलेला, तेवढा तुकडा मेलेला. पांढरा रंग प्रकाश अडवतो. बॅकग्लास मागून उजळायची वस्तू आहे, हे दुकानदाराला माहीत नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं.

खरं नुकसान पुढे झालं. घाईघाईत तो डाग मी थिनरच्या बोळ्यानं पुसायला गेलो. नवा रंग निघाला, आणि त्याच्यासोबत हनुवटीची मूळ काळी रेघ कापसावर आली. ती रेघ मी कितीदा काढली, पण तशी येत नाही ती नाहीच.

फाइन आर्ट्सला ग्राफिक्स शिकलेल्या माझ्या भाचीनं मग नीट समजावलं. रंग काचेच्या मागच्या बाजूनं एकावर एक छापलेले असतात: आधी चित्राचे रंग, त्यांच्यामागे पांढरा थर, आणि जिथून उजेड यायला नको तिथे सगळ्यात मागे राखाडी किंवा काळा. दुरुस्तीही त्याच क्रमानं करायची. रंग फिका करायचा तर पांढऱ्यानं नाही, पारदर्शक बेसनं, म्हणजे ज्यात रंग मिसळतात त्या बिनरंगी माध्यमानं. गालाचा गुलाबी म्हणजे बेसमध्ये थोडा गेरू आणि लाल, पातळ थर. तो वाळला की त्याच्या मागे पांढऱ्याचा अगदी झिरझिरीत हात. दिवे लावून कमी वाटला तर दुसरा.

मी पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक वापरतो. चुकलं तर वाळायच्या आत तेवढ्याच जागेवरून ओल्या कापसाच्या बोळ्यानं निघतं आणि मूळ शाईला थिनर लावावा लागत नाही. ओलं असताना ते फिकट दिसतं, वाळलं की गडद होतं, म्हणून लगेच निर्णय घेऊ नका. तेवढ्याच जाडीच्या दुसऱ्या काचेच्या मागे ठिपके द्या, रात्रभर वाळू द्या, मग मूळ काचेशेजारी धरून पुढून पाहा. एकदा दिवे बंद करून, एकदा लावून. दोन्ही वेळेला जुळला तरच जुळला. काचेची जाडी वेगळी असली तर तिची हिरवट झाकही बदलते, आणि त्वचेच्या रंगात ती लगेच कळते.

दिव्यांचं आधी ठरवा, रंगाचं नंतर. जुने 44 नंबरचे बल्ब 6.3 व्होल्टवर 0.25 ॲम्पिअर ओढतात. 47 नंबरचे 0.15, म्हणजे उष्णता बरीच कमी. काच तापत आणि गार होत राहते, त्यातच शाई सुटते. एलईडी लावणार असाल तर पिवळसर उजेडाचे घ्या, आणि ते लावूनच रंग जुळवा. बल्बखाली जुळलेला रंग एलईडीखाली वेगळा दिसू शकतो.

साफ करायला म्हणून मागची बाजू ओल्या फडक्यानं किंवा काच पुसायच्या स्प्रेनं पुसू नका, कुणी कितीही सांगितलं तरी. टेप तर लावूच नका. परदेशातले बरेच संग्राहक सुटलेले पापुद्रे धरून ठेवायला क्रायलॉन कंपनीचा ट्रिपल थिक हा जाड, पारदर्शक थराचा स्प्रे मारतात. मी मारलेला नाही; एकदा बसला की काढता येत नाही, आणि माझ्या मनानं तो धीर घेतला नाही. मी व्यावसायिक नाही, हे एका काचेवरचं शिक्षण आहे. तुमचं मशीन दुर्मीळ असेल तर आधी जाणकाराला दाखवा.

बाकी, पावसाळ्यात हे काम काढू नका, थर वाळतच नाहीत. आणि आजच काचेचे दोन फोटो काढा, एक दिवे बंद असताना, एक लावून. उरलेल्या गालाचा अगदी जवळून काढलेला फोटो इथे टाकलात, तर बेसमध्ये गेरू किती घ्यायचा ते मी अंदाजानं सांगेन.