इलेक्ट्रिक गाडीचा इन्शुरन्स एवढा जास्त का येतो, आणि चालवायची मजा कोणत्या गाडीत?

तुमचा प्रश्न वाचून हसू आलं, कारण दोन वर्षांपूर्वी आमच्या ओसरीवर हाच वाद आठवडाभर चालला होता. तुम्ही लातूरचे, बजेट १५ लाखांच्या आतबाहेर, गाडी चालवायचा शौक. एक इलेक्ट्रिक आणि एक टर्बो पेट्रोल (हवा दाबून भरून छोट्या इंजिनातून जास्त ताकद काढणारी) अशी दोन कोटेशनं घेतली आणि इलेक्ट्रिकच्या कागदावरचा इन्शुरन्सचा आकडा बघून हबकलात. एजंट म्हणाला, "बॅटरीमुळं महागच पडतो, साहेब." तुम्ही विचारताय, हे खरं का, आणि एवढे मोजून चालवायला मजा तरी येते का.

मी जालन्यात औषधांचं दुकान चालवते. घरात दोन्ही जातीच्या गाड्या आहेत. माझी २०२१ची पोलो, १.० टीएसआय, सहा गिअरची. दुसरी दिराची इलेक्ट्रिक. तिच्या कंपनीचं नाव सांगत नाही, पुढं तिची एक कटकट सांगायची आहे.

आधी एजंटचं बोलणं. तो खोटं बोलत नाही, पण त्यानं बॅटरीवर जरा जास्तच खापर फोडलंय. कोटेशन नीट बघा, त्यात दोन वेगळ्या रकमा आहेत: थर्ड पार्टी, म्हणजे तुमच्या गाडीनं दुसऱ्याचं केलेलं नुकसान, आणि ओन डॅमेज, म्हणजे तुमच्याच गाडीचं नुकसान. थर्ड पार्टीचा दर कंपनी ठरवत नाही, सरकारी तक्त्यातून येतो. १ जून २०२२पासून लागू झालेल्या तक्त्यात पेट्रोल-डिझेल गाड्या सीसीवर, म्हणजे इंजिनाच्या आकारावर मोजल्यात: १००० सीसीपर्यंत वर्षाला २,०९४ रुपये, १५०० सीसीपर्यंत ३,४१६, त्याच्या वर ७,८९७. इलेक्ट्रिकला सीसी नाही, म्हणून ती किलोवॉटवर, म्हणजे मोटरच्या ताकदीवर मोजली: ३० किलोवॉटपर्यंत १,७८०, ६५पर्यंत २,९०४, त्याच्या वर ६,७१२. प्रत्येक टप्प्यात इलेक्ट्रिकला १५ टक्के सूट आहे, हिशोब करून बघा, बरोबर येतो.

पण गंमत त्या टप्प्यांमध्ये आहे. माझ्या पोलोचं इंजिन ९९९ सीसीचं, म्हणजे सगळ्यात खालचा टप्पा, २,०९४ रुपये. ताकद मात्र ११० पीएस, म्हणजे ८१ किलोवॉटच्या आसपास. हीच गाडी किलोवॉटच्या काट्यावर चढवली असती तर थेट सगळ्यात वरच्या टप्प्यात गेली असती. आय-२० एन लाइनचंही तेच: ९९८ सीसी, १२० पीएस, आणि दर अल्टोवाल्याचाच. उलट पहिल्या पिढीची नेक्सॉन ईव्ही ९५ किलोवॉटची, म्हणून तिला ६,७१२. सूट मिळूनसुद्धा तिप्पट! छोटं टर्बो इंजिन ही या तक्त्यातली पळवाट आहे आणि शौकीन माणसाला ती आयती मिळालीय. टियागो ईव्हीसारखी लहान गाडी असेल तर मात्र मधला टप्पा लागतो, २,९०४, आणि फरक किरकोळ राहतो.

त्यात नव्या गाडीला तीन वर्षांची थर्ड पार्टी एकदमच भरावी लागते. सुप्रीम कोर्टाच्या आदेशानं सप्टेंबर २०१८पासून हे सुरू आहे. हजार सीसीच्या आतल्या गाडीला ते ६,५२१ होतात आणि ६५ किलोवॉटच्या वरच्या इलेक्ट्रिकला २०,९०७. वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे तुम्ही हबकलात त्यातले जवळपास १७ हजार इथंच सापडले, आणि बॅटरीचा अजून विषयसुद्धा निघाला नाही. तुमची टर्बो पेट्रोल दीड लिटरची असेल, व्हर्टुस जीटीसारखी १,४९८ सीसीची, तर तीन वर्षांचे १०,६४० आणि फरक त्या मानानं कमी.

आता ओन डॅमेज. हा भाग कंपन्या आपापल्या हिशोबानं लावतात, पण पाया आयडीव्ही, म्हणजे गाडीची आजची विम्यापुरती किंमत. गाडी महाग तर हप्ता जास्त. इलेक्ट्रिकची शोरूम किंमत तिच्याच पेट्रोल भावंडापेक्षा जास्त असते आणि त्या जास्तीतला मोठा वाटा बॅटरीचा. एजंटचं म्हणणं खरं ठरतं ते एवढ्यापुरतं. तुम्ही गाडी कशी हाणता, कुठल्या वळणावर गिअर खाली घेता, याच्याशी आपल्याकडच्या हप्त्याचा फारसा संबंध नाही. ब्रिटनमध्ये गाड्यांचे १ ते ५० असे विम्याचे गट पाडत आलेत, आणि विशीतल्या पोरानं जोरदार गाडी घेतली की हप्ता ऐकून बाप खुर्चीत बसतो. आपल्याकडं बावीस वर्षांचा पोरगा आणि साठीचे आजोबा, थर्ड पार्टी दोघांना सारखीच. ओन डॅमेजच्या जुन्या तक्त्यात विभाग मात्र होते: मुंबई-पुण्यासारखी मोठी शहरं अ मध्ये, आणि लातूर-जालना ब मध्ये. मागास असण्याचा आपल्याला एवढाच काय तो फायदा.

हप्त्यावर एवढं बोलले, पण खरं सांगू? हप्ता बघून गाडी ठरवू नका. क्लेमच्या दिवशी काय होतं ते बघा. दिराची कटकट सांगते.

मागच्या पावसाळ्यात दीर एका लग्नाला अंबडकडून घनसावंगीच्या बाजूला गेले होते. रस्त्याचं काम अर्धवट, खडी पसरलेली. एक दगड पोटाखाली लागला. आवाज आला, पण गाडी चालू राहिली, लग्न झालं, पंगत झाली, घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी डॅशबोर्डवर पिवळा दिवा. वर्कशॉपमध्ये गाडी रॅम्पवर चढवली तर बॅटरीच्या खालच्या पत्र्याला तळहाताएवढा पोचा. बाहेरून बघाल तर पातेलं पडल्यावर पडतो तेवढाच. वर्कशॉपवाले म्हणाले, अख्खा पॅक बदलावा लागेल. त्यांनी कागदावर आकडा लिहिला तेव्हा दीर खाली बसले. विमा कंपनीचा सर्व्हेअर आला, मोबाइलचा टॉर्च लावून खाली वाकून फोटो काढले आणि पहिला प्रश्न विचारला, "झिरो डेप आहे ना?"

तो प्रश्न का, ते समजून घ्या. साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर, टायर आणि बॅटरी यांवर ५० टक्के घसारा, म्हणजे वापरानं घटलेली किंमत, कापतात. झिरो डेप म्हणजे हा घसारा न कापणारं जादा कव्हर. पेट्रोल गाडीत बॅटरी म्हणजे चार-सहा हजारांचा डबा, निम्मे गेले तर गेले. इलेक्ट्रिकमध्ये निम्मी बॅटरी म्हणजे काही लाखांचा मामला. दिरांकडं झिरो डेप होतं म्हणून वाचले. तरीही वर्कशॉप म्हणे पॅकच बदला, विमा कंपनी म्हणे फक्त खालचं आवरण बदला, आणि या ओढाताणीत गाडी चोवीस दिवस उभी. शेवटी आवरणच बदललं, गाडी आजही व्यवस्थित आहे. म्हणजे पॅक बदलायची गरजच नव्हती! बॅटरीला सर्वसाधारणपणे आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी असते, पण ती आतल्या दोषाला. दगडाला वॉरंटी नसते, तिथं इन्शुरन्सच. म्हणून इलेक्ट्रिक घेतलीत तर झिरो डेप आणि बॅटरीचं वेगळं कव्हर घ्याच, त्यात काटकसर नको.

पेट्रोलवाल्यांनीही फार खूश व्हायचं कारण नाही. सप्टेंबर २०२५च्या अतिवृष्टीत मराठवाड्यात काय झालं ते तुम्ही पाहिलंच आहे. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्टर मारून बघायची आपल्या लोकांना भारी हौस. पाणी सिलिंडरमध्ये गेलं की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि साध्या पॉलिसीत कंपनी म्हणते, हे पुरानं नाही, तुमच्या स्टार्टरनं केलं. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट नावाचं जादा कव्हर लागतं. टर्बो घेतलीत तर ते घ्या आणि पाण्यात बंद पडली तर किल्लीला हात लावू नका, ढकलत बाहेर काढा.

आता मजा. त्या चोवीस दिवसांत दीर माझी पोलो वापरत होते. पहिल्या दिवशी मोंढ्यापर्यंत जाईस्तोवर तीनदा बंद पाडली. इलेक्ट्रिकला क्लच नाही, त्यामुळं डावा पाय बसून खायला शिकला होता. तेव्हा मी त्यांना हसले, पण त्यांची गाडी मी चालवते तेव्हा मलाही एक गोष्ट कबूल करावी लागते. आपल्या दुपदरी रस्त्यावर उसाची दोन ट्रॉल्यांवाली ट्रॅक्टर पुढं असते, समोरून एसटी येत असते, मधे जेमतेम जागा. पोलोत मी आधी गिअर खाली घेते, टर्बो जागा व्हायची वाट बघते, मग सुटते. पंधराशे आरपीएमच्या खाली ती गाडी दुपारी जेवून बसलेल्या माणसासारखी आहे. इलेक्ट्रिकमध्ये पाय दाबला की ट्रॉली मागं. ही मजा नाही असं कोणी म्हणत असेल तर तो ट्रॉलीच्या मागं बसलेलाच नाही.

पण कन्नडचा औट्रम घाट मला पोलोतच हवा. दुसऱ्या गिअरवर वळण घ्यायचं, इंजिनाचा आवाज चढतो तो कानानं मोजायचा, आकडा बघायचाच नाही, आणि बरोबर त्या आवाजावर तिसरा टाकायचा. लीव्हर खट्ट करून बसतो तो हाताला कळतो. तीच वळणं इलेक्ट्रिक जास्त जोरात चढते, घाम न येता. मात्र बॅटरीचं वजन वळणावर जाणवतं, आणि ब्रेक दाबला की मोटर किती थांबवतेय आणि पॅड किती हे पायाला कळत नाही. मला हे रुचत नाही. दिरांना वाटतं मी उगाच नाकं मुरडते. उतारावर मात्र गाडी स्वतःची बॅटरी भरत येते आणि दीर दर किलोमीटरला टक्के वाचून दाखवतात.

समृद्धीवर उलटं होतं. तिथं दोन्ही गाड्या कंटाळवाण्या, पण इलेक्ट्रिकचा जीव लवकर दमतो. ८०वरून १२०वर गेलात, म्हणजे वेग दीडपट, तर हवेचा विरोध सव्वादोनपट. जालन्याहून शिर्डीला जाताना दिरांनी एकदा १२०चा काटा धरला आणि परतीच्या आधी चार्जरवर प्रसादाचे लाडू खात बसावं लागलं. ९०वर गेले असते तर तो थांबा निम्म्यात आटोपला असता.

घरच्या चार्जिंगबद्दल कोणी सांगत नाही ते सांगते: अर्थिंग. आमच्याकडं पहिल्या रात्री चार्जर लावला तर लाल दिवा, गाडी विजेला तोंडच लावेना. वायरमननं अंगणात खड्डा खणून कोळसा आणि मीठ भरून नवं अर्थिंग केलं. मे महिन्यात काळी माती भेगाळली की पुन्हा लाल दिवा. आता सासूबाई तुळशीला पाणी घालतात तेव्हा एक तांब्या त्या खड्ड्यात ओततात.

आपल्या भागाला गाड्यांचा शौक नवा नाही. स्कोडाची ऑक्टाव्हिया संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यात जुळायची, आणि २०१०मध्ये संभाजीनगरच्या लोकांनी मिळून एकदम दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या. त्यामुळं तुमचा शौक काढायला मी कोण! फक्त शौक म्हणजे रिमॅप (इंजिनाच्या संगणकाची सेटिंग बदलून ताकद वाढवणं) आणि मोठा एक्झॉस्ट असेल तर दोनदा विचार करा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत फेरफार चालत नाही, आणि विमा कंपनीला न सांगता केलेला बदल क्लेमच्या वेळी नेमका सर्व्हेअरलाच दिसतो.

मला विचाराल तर, रोज गावातल्या गावात पन्नास-साठ किलोमीटर होत असतील आणि घरी स्वतःची पार्किंग असेल तर इलेक्ट्रिक घ्या. हप्त्यातला फरक पेट्रोलच्या बिलातून काही महिन्यांत निघतो. चालवणं कमी आणि मुख्यतः रविवारपुरतं असेल तर छोटी टर्बो मॅन्युअल घ्या, आणि किलोमीटरवर हप्ता ठरणारं 'पे ॲज यू ड्राइव्ह' मिळतं का ते विचारा. २०२२पासून कंपन्यांना ते द्यायची परवानगी आहे. पेट्रोल घेतलीत तर रिटर्न टू इनव्हॉइसचाही, म्हणजे गाडी पूर्णच गेली तर बिलाची पूर्ण किंमत देणाऱ्या कव्हरचाही, विचार करा, कारण आरटीओचा टॅक्स आयडीव्हीत धरत नाहीत. इलेक्ट्रिकला राज्यात तो टॅक्स माफ असल्यानं तिथं त्याची गरज कमी.

टेस्ट ड्राइव्ह शोरूमच्या रिंगरोडवर संपवू नका. अंबाजोगाई-केजवरून मांजरसुंब्याच्या घाटापर्यंत नेऊ देतात का बघा, नाही म्हणाले तर निदान एखाद्या खराब रस्त्यावर न्या आणि पोटाखाली किती जागा आहे ते वाकून बघा. आणि जुनी गाडी विकण्याआधी तिच्या विमा कंपनीकडून एनसीबीचं, म्हणजे नो क्लेम बोनसचं, पत्र घ्या. तो बोनस गाडीचा नसतो, तुमचा असतो. पाच वर्षं क्लेम नसेल तर नव्या गाडीच्या ओन डॅमेजमध्ये ५० टक्के सुटतात, आणि शोरूमवाला हे स्वतःहून सांगेल याच्या भरवशावर राहू नका. आम्हाला नव्हतं सांगितलं.