कराराचं सातवं पान कुठे आहे?

दादरहून एका ज्येष्ठ रॉक गायकांचं पत्र आलं आहे. ऐंशीच्या दशकात रंगभवनात वाजवलेले, आता एकसष्टीचे. पदरचे पैसे घालून त्यांनी नऊ गाण्यांचा अल्बम रेकॉर्ड केला आणि १४ जून २०२३ रोजी एका म्युझिक कंपनीला लिहून दिला. कंपनीने तो आजतागायत काढला नाही. या फेब्रुवारीत अख्खा अल्बम इंटरनेटवर लीक झाला. आता कंपनी म्हणते, ‘हक्क आमचे आहेत, सोबतच्या पत्रावर सही करून पाठवा, म्हणजे कारवाई करतो.’ सही करू का आणि लीक करणाऱ्याला कसं पकडू, असं ते विचारतात.

सही करू नका. बाकीचं मग बोलू.

असं पत्र मला दर महिन्या-दोन महिन्यांनी येतं. कुणाचा कवितासंग्रह अडकलेला असतो, कुणाची पटकथा. प्रत्येकात एक वाक्य असतंच : ‘करार झालाय, पण ते काढतच नाहीत.’ त्या वाक्याला कायद्यात उत्तर आहे, आणि ज्यांना त्याची गरज असते नेमक्या त्यांनाच ते माहीत नसतं, याचं मला फार वाईट वाटतं.

कॉपीराइट कायदा १९५७, कलम १९, पोटकलम ४. ज्याला हक्क लिहून दिले त्याने करारापासून एक वर्षाच्या आत ते वापरले नाहीत, तर वर्ष सरताच ते हस्तांतरण व्यपगत झालं, म्हणजे आपोआप संपलं, असं कायदा मानतो. त्यासाठी नोटीस देण्याची अट या पोटकलमात नाही. १९९४च्या दुरुस्तीने ही तरतूद आली, ती तुमच्यासारख्यांसाठीच. म्हणजे जून २०२४चा मध्य उलटला तेव्हाच तुमची गाणी तुमच्याकडे परत आलेली असू शकतात, आणि तुम्ही मात्र आजही कंपनीची परवानगी मागताय.

‘असू शकतात’ म्हणतोय, कारण त्या पोटकलमाला एक शेपूट आहे : करारात वेगळं काही ठरलं नसेल तर. कंपन्यांच्या छापील करारांत बहुतेक वेळा वेगळं ठरवलेलं असतं. ‘कलम १९(४) मध्ये काहीही असले तरी, कंपनीने हक्क वापरले नाहीत म्हणून ते संपुष्टात येणार नाहीत’ अशा अर्थाचं ते वाक्य असतं. ते तुमच्या करारात आहे की नाही, यावर तुमचं सगळं प्रकरण उभं आहे. करार अकरा पानांचा, आणि तुम्ही मला दहा पानांचे फोटो पाठवले. सहाव्या पानाच्या तळाशी मुदतीचा परिच्छेद अर्ध्यावर तुटतो, आठवं पान रॉयल्टीने सुरू होतं. सातवं पान नाही. सही करताना तुम्ही ते वाचलं नव्हतं, हे तुम्हीच लिहिलंय. चाळीस वर्षं एकेका सुरासाठी रात्र रात्र जागणाऱ्या माणसाने अकरा पानं वाचायला अर्धा तास काढू नये, याचा मला खरंच राग आला.

आता ते सहीचं पत्र. चार ओळींचं आहे, दिसायला साधं. दुसरी ओळ बघा : ‘सदर अल्बमचे सर्व हक्क कंपनीकडे अबाधित आहेत व राहतील.’ हक्क हस्तांतराला लेखी कागद आणि देणाऱ्याची सही लागते. जुना करार व्यपगत झालेला असेल, तर तुमची ही नवी सही म्हणजे नवं हस्तांतरण, असं कंपनी उद्या म्हणेल. आणि व्यपगत झालेला नसेल, तर त्यांना तुमच्या सहीची गरज काय? मालक असतील तर त्यांनी आजच तक्रार करावी. त्यांनाही आपल्या हक्काची खात्री नाही, असा माझा अंदाज आहे.

दुसरी गोष्ट स्टुडिओच्या बिलांची. ध्वनिमुद्रणाचा पहिला मालक कायद्याने निर्माता असतो, म्हणजे ते करण्यात ज्याने पुढाकार घेतला आणि जबाबदारी उचलली तो. गोरेगावच्या स्टुडिओचे पैसे कंपनीने भरले असते, तर मास्टरवर, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणावर, पहिल्यापासून त्यांचीच मालकी सांगितली गेली असती, आणि परत येण्याचा प्रश्न फक्त शब्द आणि चाली यांच्यापुरता उरला असता. तुम्ही मुदत ठेव मोडून पैसे भरलेत. बँकेचा उतारा, स्टुडिओच्या पावत्या, वादकांना दिलेले पैसे, सगळं एका फाइलमध्ये लावा. दोन गाणी तुमच्या दिवंगत बेसिस्टबरोबर केलेली आहेत. तिथे त्यांच्या घरच्यांचाही हक्क येतो. त्यांना आत्ताच विश्वासात घ्या.

तुमची बाजू दोन ठिकाणी कच्ची आहे. कंपनीने डिसेंबर २०२३ मध्ये एका गाण्याची चाळीस सेकंदांची झलक टाकली होती. हा ‘वापर’ झाला, असं त्यांचे वकील म्हणतील. नऊ गाण्यांच्या करारात एवढ्याशा झलकेने सगळे हक्क जिवंत राहिले हे मला पटत नाही, पण न्यायाधीशांना काय पटेल ते मी सांगू शकत नाही. दुसरी तुमची नोव्हेंबर २०२४ची मेल : ‘तुम्हाला योग्य वाटेल तेव्हा काढा, माझी हरकत नाही.’ वर्ष उलटल्यावर पाच महिन्यांनी ही मेल! मेलमुळे मेलेला करार आपोआप उठून बसत नाही, पण ती तुमच्यासमोर वाचून दाखवली जाणार हे नक्की. इथून पुढे कंपनीला एक ओळही स्वतः लिहू नका.

लीक कोणी केलं? मिक्सिंगच्या मुलावर तुमचा संशय आहे. पण तुम्हीच पत्रात सहज लिहून गेलाय की लीक झालेल्या तिसऱ्या गाण्याच्या शेवटी तुमची खुर्ची करकरते. ती करकर अंतिम मिक्समध्ये कापली होती. म्हणजे बाहेर गेला तो रफ मिक्स, त्याआधीचा कच्चा खर्डा, आणि रफ मिक्सची ड्राइव्हची लिंक तुम्ही जुन्या मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली होती, ‘लिंक असेल त्याला उघडेल’ अशा परवानगीसह. त्या मुलाचं नाव कुठेही घेऊ नका, पोलिसांच्या अर्जात तर नकोच. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खालचा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. नुसत्या संशयावर एखाद्या तरुणाला त्यात अडकवणं मोठं पाप होईल. शिवाय करारात गोपनीयतेची अट असेल तर कंपनी तुमच्याकडेच बोट दाखवेल. लिंक डिलीट करू नका, फक्त परवानगी बंद करा. कुणी कधी उघडली याची जी नोंद मिळेल ती जपून ठेवा.

गाणी उतरवायची घाई तुम्हाला आहे, मलाही आहे. तरी तक्रार आज पाठवू नका. मालकाची लेखी तक्रार गेली की फाइल साठवणाऱ्याला ३६ तासांत ती बंद करावी लागते, पण २१ दिवसांसाठीच. तेवढ्यात कोर्टाचा आदेश हातात दिला नाहीत, तर तो ती परत उघडू शकतो, आणि त्याच मजकुराबद्दलच्या तुमच्या पुढच्या तक्रारीला दाद देण्याचं बंधन त्याच्यावर राहत नाही. आपल्या कोर्टांत २१ दिवस म्हणजे कधी कधी एक तारीख, तीही पुढे ढकललेली. म्हणून आधी दावा तयार, मग तक्रार.

नेमक्या लिंक्सची यादी आत्तापासून करा, तारीख-वेळेसह. २०१६ मध्ये हिंदी चित्रपटांच्या चोरट्या प्रतींच्या प्रकरणांत मुंबई उच्च न्यायालयाने संकेतस्थळांच्या ढोबळ यादीवर समाधान मानलं नव्हतं, तपासलेल्या लिंक्स मागितल्या होत्या. स्क्रीनशॉट आणि फाइल्सना नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र लागेल, हॅश मूल्यासकट, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणाऱ्या सांकेतिक आकड्यासकट. ते आम्ही करून घेऊ. दावा कुठल्या कोर्टात, ते मूल्यांकनावर ठरेल.

‘आता सगळ्यांनी ऐकलं, अल्बम संपला,’ असं तुम्ही शेवटी लिहिलंय. ते वाचून मी थोडा वेळ थांबलो. ब्रिटिश रॉक गायक डेव्हिड बोवींनी २००० मध्ये रेकॉर्ड केलेला ‘टॉय’ हा अल्बम कंपनीशी जमलं नाही म्हणून पडून राहिला, २०११ मध्ये लीक झाला आणि २०२१ मध्ये रीतसर बाहेर आला. तो बघायला बोवी नव्हते. तुम्ही आहात. सातवं पान आपल्या बाजूने निघालं, तर हा अल्बम तुमच्या नावाने, खुर्चीच्या करकरीशिवाय, तुम्ही स्वतः काढू शकाल.

ते पान कंपनीकडे मागू नका, आपण काय शोधतोय ते त्यांना कळेल. सहीच्या दिवशी स्कॅन करून त्यांनी मेल केली असेल, जून २०२३च्या मेल उघडून बघा. नसेल तर कागदपत्रांचं कपाट रिकामं करा. हे या आठवड्यात व्हायला हवं, कारण तातडीचा मनाई हुकूम मागितला नाही तर व्यापारी दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे, आणि फेब्रुवारीपासून गप्प बसलेल्या माणसाची तातडी कोर्टाला पटवणं दिवसेंदिवस अवघड होत जातं.