वाचकांचे प्रश्न : पॉवर स्टीअरिंगचे ऑइल नेमके कुठून गळते?

प्रश्न : स. न. वि. वि. माझ्याकडे 2008 सालची, डिझेलवर चालणारी सात आसनी गाडी असून ती आजवर 1,86,000 किलोमीटर चालली आहे. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर तिची पुनर्नोंदणी करून घेतली, कारण इंजिन अजून उत्तम आहे. मी वाईला राहतो आणि कामानिमित्त आठवड्यातून दोनतीनदा पसरणी घाट चढून पाचगणीला जातो. गेल्या चार महिन्यांपासून गाडी वळवताना पुढून घरघर ऐकू येते, सकाळी पहिल्या वळणाला स्टीअरिंग जड लागते आणि पॉवर स्टीअरिंगच्या बाटलीत दर पंधरा दिवसांनी साधारण पाव लिटर ऑइल घालावे लागते. एका गॅरेजवाल्यांनी गाडी वर न घेताच संपूर्ण रॅक, म्हणजे स्टीअरिंग फिरवल्यावर पुढची चाके वळवणारा भाग, बदलावा लागेल असे सांगितले. त्याचा खर्च 40,000 रुपयांच्या घरात जातो. दुसऱ्यांनी सांगितले की जुन्या गाडीला एवढे चालायचेच, ऑइल घालत राहा. यांतले कोणाचे ऐकावे?
– एक वाचक, वाई

उत्तर : दोघांचेही तूर्त ऐकू नये, कारण गळती कुठून होते हे दोघांपैकी एकानेही पाहिलेले नाही.

पॉवर स्टीअरिंगचे ऑइल इंजिन ऑइलसारखे थोडेथोडे जळून कमी होत नाही. ते पंपातून रॅकमध्ये जाते, रॅकमधून बाटलीत परत येते आणि पुन्हा पंपात जाते. या बंदिस्त फेऱ्यात बहुतेक मोटारींमध्ये सगळे मिळून लिटरभराच्या आसपासच ऑइल असते. आपण पंधरवड्याला पाव लिटर घालता, याचा अर्थ गाडीत असते तेवढे ऑइल दर दोन महिन्यांनी रस्त्यावर सांडते. ही गळती किरकोळ म्हणता येणार नाही. आपण ऐकता ती घरघरही ऑइलची पातळी खाली गेल्याने पंप हवा ओढू लागल्याची खूण आहे. पंपाच्या पात्यांना वंगण म्हणून हेच ऑइल मिळते, त्यामुळे हवामिश्रित फेसावर चालणारा पंप झिजतो आणि त्याचा धातूचा चुरा ऑइलबरोबर रॅकमध्ये जाऊन तेथील ऑइल अडवणारे रबरी सीलही खरवडतो. आज शेदोनशे रुपयांच्या वॉशरने थांबू शकणारी गळती सहा महिन्यांनी पंप आणि रॅक दोन्ही मागते, ती या मार्गाने.

गळती शोधण्याआधी गाडीचा खालचा भाग धुऊन घ्या. हे मी आग्रहाने सांगतो, कारण अठरा वर्षांच्या गाडीखाली इंजिन ऑइल, धूळ आणि पावसाळ्यातला चिखल यांचा थर बसलेला असतो आणि त्या थराकडे पाहून केलेले निदान अंदाजच राहते. गॅरेजमध्ये घासलेट किंवा डिझेल मारून धुण्याची पद्धत आहे, परंतु ती रबरी पाइपांना आणि इंजिनाच्या माउंटिंगला बरी नाही. त्याऐवजी बाजारात मिळणारे डीग्रीझर वापरावे, बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरवर प्लॅस्टिकची पिशवी बांधावी आणि पाण्याचा मारा बेताने करावा. गाडी वाळल्यावर बाटलीतली पातळी खुणेपर्यंत आणावी. बाटलीवर बहुधा थंड आणि गरम अशा दोन खुणा असतात. सकाळी पाहत असाल तर थंड खूण पाहा, कारण गरम खुणेपर्यंत थंड ऑइल भरले की ते तापल्यावर झाकणातून उतू जाते आणि नसलेली गळती आहे असे वाटू लागते. नंतर वीसतीस किलोमीटर चालवून गाडी रात्रभर स्वच्छ पुठ्ठ्यावर उभी करावी.

सकाळी पुठ्ठ्यावर दिसेल त्यावरून अर्धे उत्तर मिळते. पॉवर स्टीअरिंगचे ऑइल अनेक गाड्यांत लाल असते आणि जुने झाले की तपकिरी होते. डिझेल इंजिनाचे ऑइल काळे असते. कूलंटही पुष्कळदा लाल किंवा गुलाबी असतो, म्हणून शंका आल्यास थेंब पाण्यात टाकून पाहावा. कूलंट पाण्यात मिसळतो, ऑइल तरंगते. डाग इंजिनाच्या पट्ट्याच्या बाजूला, म्हणजे पंपाच्या खाली आहे, की चाकाच्या आतल्या बाजूला रॅकच्या टोकाखाली आहे, हेही लिहून ठेवा.

आता एका माणसाला आत बसवून इंजिन सुरू ठेवा, हँडब्रेक ओढा आणि स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवायला सांगा. टोकाला नेऊन दाबून धरायचे नाही, कारण तेथे पंप आपला कमाल दाब देत असतो आणि काही सेकंदांतच ऑइल तापू लागते. चाके सरळ असताना दाब थोडाच असतो, पण गाडी जागेवर उभी असताना वळवले की तो 70 ते 100 बारपर्यंत चढू शकतो. टायरमधली हवा दोनसव्वादोन बार असते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या दाबाची कल्पना येईल. म्हणून फिरवताना टॉर्चने पाहावे, पाइपवर हात फिरवून ओल चाचपू नये. बारीक छिद्रातून उडणारी चिळकांडी कातडी भेदू शकते.

पाहण्याचा क्रम स्वस्ताकडून महागाकडे ठेवावा. सर्वांत आधी बाटली आणि तिला जोडलेले दोन रबरी पाइप पाहा. त्यांपैकी एक रॅककडून ऑइल परत आणतो, दुसरा पंपाला ते पुरवतो. दोन्हींवर दाब नगण्य असतो आणि दोन्ही साध्या क्लिपांनी बसवलेले असतात. इतक्या वर्षांनी रबर कडक होते, स्प्रिंगच्या क्लिपचा ताण जातो आणि सांध्यातून ऑइल पाझरते. पंपाला पुरवठा करणाऱ्या पाइपचा सांधा सैल असेल तर एक थेंबही न गळता हवा मात्र आत ओढली जाते, बाटलीत फेस दिसतो आणि घरघर चालू राहते. या जागी नवा पाइप आणि स्क्रूची क्लिप पुरते. पाइप ऑइल सहन करणाऱ्या रबराचाच हवा. रेडिएटरच्या पाण्याचा पाइप तुकडा करून बसवला तर तो काही आठवड्यांत फुगून मऊ पडतो.

त्यानंतर पंपाकडून रॅककडे जाणारा प्रेशर पाइप पाहावा. तो जिथे रबरातून धातूच्या नळीत शिरतो, त्या दाबून बसवलेल्या टोपीपाशी ओल दिसली तर पाइप बदलण्याला पर्याय नाही. त्यावर कापड, तार किंवा चिकटपट्टी गुंडाळू नये. जुन्या गाडीचा पाइप मिळत नसेल तर ट्रॅक्टर आणि जेसीबीचे हायड्रॉलिक पाइप करून देणारे एमआयडीसीतील कारागीर जुन्या टोकांना नवे रबर दाबून देतात. काम टिकते, फक्त तेथे पाइप मोटारीच्या पॉवर स्टीअरिंगसाठी आहे हे स्पष्ट सांगून दाबाला आणि तापमानाला योग्य असाच पाइप मागावा. ओल सांध्याच्या बोल्टपाशीच असेल तर नवा वॉशर किंवा ओ रिंग (रबरी कडी) लावून पाहावी. सांधा जितक्या वेळा उघडेल तितक्या वेळा वॉशर नवा हवा, आणि गॅरेजमध्ये नेमके हेच राहून जाते. घाट चढताना इंजिनाचा धूर बाहेर नेणारे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड काही शे अंश तापलेले असते. प्रेशर पाइपचा तुषार त्यावर पडत असेल तर धूर निघतो आणि आग लागण्याचा धोका असतो. असे दिसल्यास गाडी घाटात नेऊ नका, आहे तेथेच दुरुस्त करून घ्या.

पंपाचे शाफ्ट सील गेले असेल तर पुलीच्या मागून ऑइल ओघळते आणि पट्टा ओला होतो. पट्ट्यावर ऑइल पडणे वाईटच, कारण बऱ्याच गाड्यांत तोच पट्टा अल्टरनेटर आणि पाण्याचा पंपही फिरवतो. सील बदलता येते, मात्र शाफ्टला खाच पडलेली असेल तर नवे सीलही टिकत नाही.

सर्वांत शेवटी रॅक. त्याच्या दोन्ही टोकांना पेटीच्या भात्यासारखे घड्यांचे रबरी बूट असतात. बुटाची बाहेरची क्लिप सैल करून कड किंचित ओढून पाहा. आत थोडे ग्रीस असणे स्वाभाविक आहे, पण पातळ ऑइल बाहेर आले तर रॅकचे आतले सील गेले आहे. दोन्ही बूट कोरडे असतील आणि स्टीअरिंगचा दांडा रॅकला मिळतो त्या वरच्या पिनियनपाशीही ओल नसेल, तर रॅक बदलण्याचा सल्ला मान्य करण्याचे कारण नाही. सील गेले असले तरी लगेच नवा रॅक घेऊ नये. रॅक उतरवून सील किट बसवणारे जाणकार कारागीर मोठ्या शहरांत आहेत. त्यांना रॅकचा दांडा स्वतः पाहायचा आहे असे सांगा. फाटलेल्या बुटातून पाणी जाऊन दांड्यावर गंजाचे खड्डे पडले असतील तर नवे सील त्यावर घासून लवकरच फाटेल आणि त्या स्थितीत दुसरा रॅकच घ्यावा लागेल. दांडा आरशासारखा असेल तर सील किट पुरेल. रॅक उतरवला की व्हील अलाइनमेंट करून घेणे आवश्यक आहे.

आपल्या पत्रातील खुणा पाहता माझा पहिला संशय प्रेशर पाइपच्या सांध्यावर आहे. पंधरवड्याला पाव लिटर ऑइल बुटात साठून राहत नाही. रॅकमधून एवढी गळती असती तर बूट फुगून ठिबकताना त्या गॅरेजवाल्यांना सहज दाखवता आले असते. तरीही निर्णय पुठ्ठा आणि टॉर्च यांवर सोडावा.

ऑइल कोणते घालावे हे झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेले असते आणि तेच पाळावे. टोयोटाच्या अनेक गाड्यांना डेक्स्रॉन 2 किंवा 3 प्रकारचे एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑइल, चालते, होंडा स्वतःचेच पॉवर स्टीअरिंग ऑइल सांगते आणि काही युरोपीय गाड्यांना हिरवे कृत्रिम ऑइल लागते, जे लाल ऑइलात मिसळता येत नाही. दुरुस्तीनंतर हवा काढणे राहून गेले तर घरघर तशीच राहते आणि काम फसले असे वाटते. पुढची चाके जॅक स्टँडवर उचलून, इंजिन बंद ठेवून, स्टीअरिंग टोकापासून टोकापर्यंत पंधरावीस वेळा फिरवावे आणि पातळी खाली जाईल तसे ऑइल घालत राहावे. मग इंजिन सुरू करून हेच थोडा वेळ करावे. फेस दिसला तर तासभर थांबून पुन्हा पाहावे.

दुरुस्ती होईपर्यंत रोज सकाळी पातळी पाहून मगच निघा. ऑइल संपले तरी चाके स्टीअरिंगशी यांत्रिक रीतीने जोडलेलीच असतात, म्हणून गाडी वळते. फक्त एकाएकी इतके बळ लावावे लागते की माणूस बावरतो. घाटात तसे झाल्यास वेग कमी करावा, दोन्ही हातांनी स्टीअरिंग धरावे आणि रुंद जागा पाहून थांबावे. पसरणी घाट उतरताना डिझेल वाचवण्यासाठी इंजिन बंद करणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांनी ही सवय कृपा करून सोडावी, कारण इंजिन बंद होताच स्टीअरिंगची मदत जाते आणि दोनतीनदा ब्रेक दाबल्यावर ब्रेकची मदतही जाते.

प्रश्न : आमच्या 2005 सालच्या पेट्रोल गाडीच्या पॉवर स्टीअरिंगच्या बाटलीत ऑइल कमी दिसले म्हणून भाच्याने घरातील ब्रेक ऑइल ओतले. गाडी अजून सुरू केलेली नाही. आता काय करावे?
– एक वाचक, फोंडा, गोवा

उत्तर : सुरू केली नाही हे फार चांगले केलेत, तशीच राहू द्या. ब्रेक ऑइल ग्लायकॉलपासून केलेले असते आणि पॉवर स्टीअरिंगचे सील ज्या रबराचे असतात ते त्याने फुगते व मऊ पडते. मोठ्या सिरिंजने बाटली पूर्ण रिकामी करा. नंतर परतीचा आणि पुरवठ्याचा असे दोन्ही पाइप काढून त्यांतले ऑइल वेगळ्या भांड्यात निथळू द्या, बाटली उतरवून पुसून घ्या आणि योग्य ऑइल भरा. इंजिन चालले असते तर ते रॅकपर्यंत पोचले असते आणि सारी व्यवस्था दोनतीन वेळा नव्या ऑइलने धुवावी लागली असती. काढलेले ऑइल गटारात ओतू नका. रिकाम्या बाटलीत भरून गॅरेजमध्ये द्या. भाच्याला एक गोष्ट मात्र आजच सांगा. याच्या उलट चूक, म्हणजे ब्रेकच्या बाटलीत पॉवर स्टीअरिंगचे ऑइल, ही जिवावर बेतणारी आहे. ब्रेकचे सील वेगळ्या रबराचे असतात आणि खनिज तेलाने ते फुगून ब्रेक निकामी होऊ शकतात. तसे झाल्यास गाडी टो करून न्यावी, चालवत नेऊ नये.

प्रश्न : गळती थांबवणारे जे द्रव डब्यातून मिळतात, ते घालावेत का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : वयामुळे कडक झालेल्या सीलमधून नुसता दमटपणा येत असेल आणि महिनाभरात पातळी जेमतेम बोटभर उतरत असेल, तर घालून पाहायला हरकत नाही. त्यांतील रसायन रबराला थोडे फुगवते आणि फट बुजते. फुटलेला पाइप, फाटलेले सील किंवा खाच पडलेला शाफ्ट यांवर त्याचा काहीही उपयोग नाही. दुप्पट मात्रा कधीही घालू नका, कारण जास्त फुगलेले रबर पुढे लवकर फाटते.

प्रश्न : माझ्या छोट्या गाडीत ऑइलची बाटलीच सापडत नाही आणि स्टीअरिंग मात्र जड झाले आहे.
– एक वाचक, अमरावती

उत्तर : आपल्या गाडीत बहुधा विजेच्या मोटरवर चालणारे स्टीअरिंग असावे, त्यात हे ऑइल नसतेच. प्रथम पुढच्या टायरांतील हवा पाहा, मग बॅटरीचा व्होल्टेज आणि तिच्या टर्मिनलवरचा पांढरा थर. डॅशबोर्डवर स्टीअरिंगचा दिवा लागत असेल तर फ्यूज तपासून स्कॅनर लावून घ्या.