खरा माउस न हलवता दुसऱ्या प्रोग्रॅमच्या बटणावर कोडमधून क्लिक कसं करायचं?

तुम्ही लिहिलंय की विंडोजवर पोस्टमेसेजने (दुसऱ्या खिडकीला मेसेज पाठवणारं विंडोजचं फंक्शन) डब्ल्यूएम एलबटनडाउन आणि लगेच एलबटनअप (माउसचं डावं बटण दाबलं, सोडलं असे मेसेज) पाठवता, नोटपॅडमध्ये ते चालतं, पण जिथे हवंय त्या प्रोग्रॅममध्ये ढिम्म काही होत नाही. आणि शेवटी विचारलंय, "मग सरळ सेंडइनपुट वापरून मोकळा होऊ का?" सेंडइनपुट म्हणजे खऱ्या माउस-कीबोर्डसारखंच इनपुट विंडोजला देणारं फंक्शन. या शेवटच्या ओळीमुळेच मी लिहायला बसलोय. नका होऊ.

तुमचं का चालत नाही ते आधी सांगतो. नोटपॅडमधल्या लिहायच्या जागेला स्वतःचं विंडो हँडल (विंडोजने दिलेली ओळख, जिच्यावर मेसेज पाठवता येतो) असतं. डब्ल्यूपीएफ, क्यूटी, इलेक्ट्रॉन या साधनांत बनवलेल्या प्रोग्रॅममध्ये बहुधा अख्ख्या खिडकीला मिळून एकच हँडल असतं, आतली बटणं तो प्रोग्रॅम स्वतःच रंगवतो, त्यामुळे हँडल शोधणाऱ्या फाइंडविंडोएक्स फंक्शनला ती सापडतच नाहीत. शिवाय मेसेजसोबत क्लिकची जागा ज्यात जाते त्या एलपॅरममध्ये स्क्रीनवरचे आकडे चालत नाहीत. ज्या हँडलला मेसेज पाठवताय त्याच्या क्लायंट भागातले (कडा आणि शीर्षकपट्टी सोडून आतला भाग) लागतात, खालच्या १६ बिटांत एक्स आणि वरच्या १६ बिटांत वाय. आणि समोरचा प्रोग्रॅम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालत असेल नि तुमचा तसा नसेल, तर विंडोज व्हिस्टापासून आलेली युआयपीआय ही सुरक्षा व्यवस्था मेसेज अडवते. तेव्हा गेटलास्टएरर (शेवटच्या चुकीचा क्रमांक सांगणारं फंक्शन) ५ देतो, म्हणजे परवानगी नाही. हे सगळ्यात आधी बघा.

आता सेंडइनपुटबद्दल. आमच्याकडे साठ्याच्या नोंदी ठेवायचा एक जुना प्रोग्रॅम होता. बनवणारी कंपनी बंद पडलेली, सोर्स कोड नाही, एपीआय (दुसऱ्या प्रोग्रॅमने जोडून घ्यायची सोय) नाही. रोज रात्री दुसऱ्या सिस्टिममधल्या नोंदी त्यात स्क्रिप्टने भरायच्या होत्या. आमच्या टीम लीडचं म्हणणं पहिल्या दिवसापासून ठरलेलं: बटण कुठल्या पिक्सेलवर आहे ते बघा, सेंडइनपुटने तिथे क्लिक करा. "माणूस जे करतो तेच स्क्रिप्ट करेल, यात चुकायला काय आहे?"

मी विंडोज एसडीकेमधलं (मायक्रोसॉफ्टचा प्रोग्रॅमरांसाठीचा साधनसंच) इन्स्पेक्ट उघडून त्यांना दाखवलं होतं. खिडकीतल्या प्रत्येक घटकाची माहिती ते दाखवतं. प्रत्येक बटणाला नाव होतं, ऑटोमेशन आयडी (कोडमधून ओळखायची खूण) होता, इन्व्होक पॅटर्न (कोडमधून दाबायची सोय) होता. यूआय ऑटोमेशन या विंडोजमधल्याच सोयीने बटण नावानिशी शोधून थेट दाबता आलं असतं, माउसला हातही लावायची गरज नव्हती. त्यावर उत्तर मिळालं की हे अंध लोकांच्या स्क्रीन रीडरसाठी असतं, आपल्याला त्याचं काय! अहो, म्हणूनच तर ते भरवशाचं आहे. ज्याला स्क्रीन दिसत नाही त्यालाही ते बटण दाबता यावं यासाठी बांधलेली वाट आहे ती. रात्री निर्मनुष्य ऑफिसात चालणाऱ्या स्क्रिप्टला तरी स्क्रीन कुठे दिसते?

स्क्रिप्ट पिक्सेलवरच झाली. काही महिने चाललीही. मग मशीन बदललं आणि नव्या मशीनवर डिस्प्ले स्केलिंग (स्क्रीनवरचं सगळं मोठं दाखवायची सेटिंग) १२५ टक्के होतं. खिडकी डाव्या वरच्या कोपऱ्यातून मोठी झाली, ८००, ६०० वर असलेलं 'जतन करा' १०००, ७५० वर गेलं आणि जुन्या जागी 'नोंद रद्द करा' येऊन बसलं. जतन झाल्यावर एक छोटी खिडकी यायची, ती घालवायला स्क्रिप्ट एंटर दाबायची. आता त्याऐवजी 'ही नोंद रद्द करायची का?' अशी खिडकी येत होती आणि तिलाही तोच एंटर मिळत होता. लॉगमध्ये मात्र ओळीमागून ओळ: जतन, ओके. जतन, ओके. कारण सेंडइनपुट परत देतं तो आकडा इनपुटच्या रांगेत किती इव्हेंट घातले एवढाच असतो, पुढे ते कुठल्या बटणाला लागले याच्याशी त्याचा काही संबंध नाही. गोदामातल्या लोकांना कागदी पावत्यांवरून सगळं पुन्हा भरावं लागलं, आणि मीटिंगमध्ये ठरलं की दोष विंडोजच्या सेटिंगचा. हे मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. दोष पद्धतीचाच होता. स्केलिंगने घात केला नसता तर स्क्रीन लॉक झाल्यावर झाला असता, कारण लॉक स्क्रीनवर सेंडइनपुटचे क्लिक त्या प्रोग्रॅमपर्यंत जातच नाहीत. नाहीतर मध्येच उगवलेल्या एखाद्या अपडेटच्या खिडकीने केला असता.

तर तुम्ही यूआय ऑटोमेशनच वापरा. खिडकीच्या हँडलवरून एलिमेंट घ्या, ऑटोमेशन आयडीने बटण शोधा, इन्व्होक करा. पायथनमध्ये पायविनऑटो ही लायब्ररी घेतलीत तर बॅकएंड यूआयए (म्हणजे यूआय ऑटोमेशन) ठेवा आणि इन्व्होक वापरा. त्यातलं क्लिक इनपुट खरा माउस हलवतं, ते टाळा. जुन्या धाटणीचं, स्वतःचं हँडल असलेलं बटण असेल तर बीएम क्लिक (बटणाला 'दाबलं जा' सांगणारा मेसेज) पुरेल, पण ते सेंडमेसेजने पाठवू नका. बटणाने मोडल डायलॉग (बंद केल्याशिवाय पुढे जाऊ न देणारी खिडकी) उघडला तर तो बंद होईपर्यंत तुमचा कोड तिथेच अडकून राहील. पोस्टमेसेजने पाठवा, ते थांबत नाही. आणि दाबल्यावर परिणाम वाचा: नवी नोंद यादीत आली का, स्टेटस बारमधला मजकूर बदलला का. तो न वाचता लॉगमध्ये 'ओके' लिहिणारी स्क्रिप्ट मी कुणाचीही पास करत नाही.

एक सांगायचं राहिलं. सगळं काही कॅनव्हासवर रंगवणारे प्रोग्रॅम असतात, गेम तर असतातच. तिथे इन्स्पेक्टमध्ये 'पेन' (pane) नावाची नुसती एक रिकामी चौकट दिसेल, आत बटणांचा पत्ता नाही. मग सेंडइनपुटशिवाय इलाज नाही, पण ते वेगळ्या व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवा, म्हणजे तुमचा माउस तुमच्यापाशी राहील. असा क्लिक कोडमधून आलाय हे लो लेव्हल माउस हुक लावलेल्या (माउसची प्रत्येक हालचाल मध्येच टिपणाऱ्या) प्रोग्रॅमला एका फ्लॅगवरून कळतं, त्यामुळे ऑनलाइन गेममध्ये हा प्रयोग करू नका, खातं जाईल. आणि इन्व्होकनेही काही प्रोग्रॅम स्वतःची खिडकी पुढे आणतात. तुम्हाला ती मागेच हवी असेल तर आधी करून बघा.

तुमचा प्रोग्रॅम कशात बनलाय ते प्रश्नात लिहिलेलं नाही. इन्स्पेक्ट उघडून त्या बटणावर माउस न्या आणि नाव, आयडी, पॅटर्न यांपैकी काय काय दिसतं ते प्रश्नात जोडा.